सकाळी एअर घेते, फिल्टर बदलला तरी महिन्याभरात परत तेच: जुन्या डिझेल गाडीचा गंजलेला पाइप

टाकीकडून इंजिनकडे येणाऱ्या डिझेलच्या पाइपमध्ये हवा शिरते, त्यालाच गाडी एअर घेते म्हणतात. लक्षणं आधी सांगतो म्हणजे तुमची केस हीच आहे का ते कळेल. रात्रभर उभी राहिली की सकाळी लांबलचक सेल्फ मारावा लागतो, मधेच एकदा फुरफुरते, पांढरा धूर सोडते, बंद पडते, मग बॉनेट उघडून फिल्टरवरचा हॅन्ड पंप दाबला की लगेच चालू होते आणि दिवसभर काही तक्रार नाही. टाकी फुल असेल तेव्हा त्रास कमी, पाव टाकीवर आली की जास्त. तोंड चढाकडे करून लावली की सकाळी हमखास अडते. आणि गाडीखाली बघितलं तर डिझेलचा एक थेंबही नाही, त्यामुळे लीकेजचा संशय कुणाला येतच नाही.

आमच्या मामांची गाडी अशीच होती. रोटरी पंपवाली (म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना एकच फिरता पंप डिझेल वाटतो अशी) जुनी डिझेल, बडोद्याच्या कारेलीबागेत सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये उभी असते. हीटर प्लग बदलून झाले, बॅटरी नवी झाली, सेल्फ खोलून झाला, फिल्टर तर दरवेळी नवा. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, "साहेब, फिल्टर बदली नाखो, थई जशे" (फिल्टर बदलून टाका, होऊन जाईल). आणि खरंच व्हायचं, कारण फिल्टर बदलताना सगळी एअर काढली जाते, लाइन भरली जाते, मग काही दिवस बरं चालतं. मामांना वाटायचं झालं काम. परत फोन, "अरे बघ ना जरा, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते रे."

तर मुद्दा असा की या गाड्यांमध्ये टाकीत मोटर नसते. रोटरी पंपाच्या आतच एक छोटा वेन पंप (पात्यांचा, डिझेल ओढणारा) असतो आणि तो पार मागच्या टाकीतून डिझेल ओढून घेतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा पाइप ओढीखाली असतो, दाबाखाली नाही. शहाळ्याच्या स्ट्रॉला वरच्या बाजूला बारीक भोक पडलं तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते, तसंच हे. पाइपला टाचणीएवढं भोक पडलं की इंजिन चालू असताना तिथून हवा आत जाते, आणि रात्री गाडी बंद असताना त्याच भोकातून हवा शिरून पाइपमधलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी वर असते, उतरायला जागा कमी, म्हणून त्रास कमी. इनलाइन पंपवाल्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला पंप) जुन्या गाड्यांना इंजिनवर वेगळा फीड पंप असतो, तिथे फीड पंपाच्या पुढचा भाग दाबाखाली येतो आणि बाहेर गळतो, पण टाकी ते फीड पंप हा लांबचा तुकडा तिथेही ओढीखालीच.

बडोद्यात हे इतकं का दिसतंय याचं कारण माझ्या मते पूर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३७ फूट गाठले तेव्हा किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या आठवा, त्याआधी ३१ जुलै २०१९ चा पाऊस होताच. पूर ओसरल्यावर लोकांनी इंजिन ऑइल बदललं, सीटा उन्हात वाळवल्या, वायरिंग बघितलं, कार्पेट फेकून दिलं. गाडीखाली कोण बघतो? पुराच्या पाण्यासोबत बारीक गाळ येतो, तो पाइपच्या क्लिपांमध्ये आणि टाकीच्या वरच्या बाजूला जाऊन बसतो, वाळून घट्ट होतो, आणि मग दर पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. उघडा पाइप वाऱ्याने सुकतो, क्लिपखालचा सुकतच नाही. म्हणून गंज पाइपभर सारखा नसतो, क्लिपखाली असतो, आणि पूर येऊन गेल्यावर वर्षा-दीड वर्षाने त्रास सुरू होतो, तोवर पुराचा विषय सगळे विसरलेले असतात.

आता खात्री कशी करायची. अंदाजाने पाइप बदलू नका, आधी हे करून बघा.

पहिलं काम, पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा फिल्टर आणि पंपाच्या मधे लावा आणि इंजिन चालू करून बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतीलच, नळी लावताना हवा गेलेली असते, पण पाचेक मिनिटांनंतरही बारीक फेसासारखे बुडबुडे वाहत असतील किंवा रेस दिल्यावर मोठा बुडबुडा येत असेल तर गाडी एअर घेते हे नक्की. कुठून घेते ते मात्र यावरून कळत नाही, आणि इथेच बहुतेक गॅरेजवाले घाई करतात.

दुसरं काम कॅनचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात खात्रीचा निकाल हाच देतो. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात पेट्रोल पंपावरून आणलेलं ताजं डिझेल, फिल्टरकडे येणारी नळी काढून त्याजागी कॅनमधली नळी, आणि रिटर्नची नळीसुद्धा कॅनमध्येच सोडा. कॅन इंजिनपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, बॅटरीवर वगैरे नको, कारण उंचावर ठेवलात तर डिझेल आपोआप उतरत येईल आणि दोष झाकला जाईल. एअर काढा, गाडी चालू करून बंद करा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी एका सेल्फमध्ये चालू झाली आणि नळीत बुडबुडा नाही, तर पंप, फिल्टर, हॅन्ड पंप सगळे निर्दोष आहेत आणि चोर मागे टाकी ते फिल्टर याच भागात आहे. कॅनवरही तेच झालं तर पाइपला हात लावू नका, फिल्टरच्या तळाच्या ड्रेन स्क्रूचं ओ-रिंग, हॅन्ड पंपाचं रबर, फिल्टरची गॅसकेट हे आधी बघा. हा कॅन लावून गाडी रस्त्यावर न्यायची नाही, बॉनेटखाली सुटा कॅन म्हणजे आगीला आमंत्रण.

तिसरं, पाइपमध्ये भोक नेमकं कुठे ते. दोन्ही टोकं सोडवा, टाकीकडचं पण आणि फिल्टरकडचं पण, एक टोक नळी आणि बोल्ट घालून बंद करा, दुसऱ्या टोकाला गेजवाला सायकल पंप. फक्त ४-५ पीएसआय हवा भरा, जास्त नको, आणि साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. टाकी जोडलेली असताना हवा भरायची नाही आणि टायरवाल्याच्या कंप्रेसरने तर अजिबात नाही.

मामांच्या गाडीत पहिल्यांदा काहीच दिसेना. पाइप वरून काळा, छान, कुठेही गंज नाही. मग मागच्या ॲक्सलच्या वरची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने उचकटली. आतून विटकरी रंगाचा घट्ट गाळ निघाला, वडीसारखा क्लिपचा आकार धरलेला, आणि त्याच्याखाली पाइपवर फोड आलेले, तांबूस, नखाने खरवडले की पापुद्रा सुटतोय. साबणाचं पाणी लावल्यावर तिथून अगदी बारीक फेस यायला लागला, कानाला ऐकूही येणार नाही इतका. बाजूच्या क्लिपखाली बघितलं, भोक नाही पण पाइप तसाच खाल्लेला. त्याच्या पुढच्या क्लिपखाली पण तेच. म्हणून क्लिप न काढता पाइप तपासला असं कुणी म्हणालं तर तपासलाच नाही असं समजा.

यावरून मला जे ठामपणे सांगायचंय ते हे, की एका भोकाची दुरुस्ती ही दुरुस्ती नाही. एक भोक दिसलं म्हणजे बाकीच्या क्लिपांखाली तेच चाललंय आणि तो पाइप संपलाय. एम-सील लावणं, रबरी ट्यूब गुंडाळून तारेने आवळणं, गंजलेला तुकडा कापून मधे रबरी नळी घालणं, हे सगळं घरापर्यंत पोचायला ठीक, त्याच्यापुढे नाही. समस्या परत परत येते ती याच्यामुळेच, दरवेळी एक भोक बुजतं आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारचं उघडतं.

दोन उपाय गॅरेजमध्ये फार सुचवले जातात, त्यांच्याबद्दल बोलायलाच पाहिजे. एक म्हणजे लाइनमध्ये एनआरव्ही, म्हणजे डिझेल एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवणं. त्याने रात्री डिझेल टाकीत उतरणं थोडं थांबतं म्हणून सकाळची स्टार्टिंग सुधारते, पण चालत्या गाडीत भोकातून हवा जातच राहते, आणि या पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं, हवा मिसळलेलं डिझेल म्हणजे पंप कोरडा घासणं. पंपाच्या कामाचा खर्च पाइपच्या कितीतरी पट येतो. दुसरा उपाय टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवणं, आणि हा खरोखर धोक्याचा आहे. त्याने ओढीचा पाइप दाबाचा होतो, मग ज्या भोकातून हवा आत जात होती त्याच भोकातून डिझेल बाहेर उडतं, सायलेन्सरवर किंवा रस्त्यावर. आपल्याकडे मागून स्कूटरवाले किती असतात, सांडलेल्या डिझेलवर दुचाकी कशी घसरते ते सगळ्यांनी बघितलंय. पाइप धड झाल्याशिवाय पंप बसवू देऊ नका.

पाइप कुठला घ्यायचा. बऱ्याच गाड्यांत जायचा पाइप ८ मिमी आणि रिटर्न ६ मिमी असतो पण व्हर्नियरने मोजूनच घ्या. सगळ्यात बरा म्हणजे बाहेरून कोटिंग असलेला स्टीलचा ब्रेक-फ्यूएल लाइनवाला पाइप, रोलमध्ये मिळतो, हाताच्या बेंडरने वळतो. स्टेनलेस टिकतो सगळ्यात जास्त पण वळवायला आणि फ्लेअर करायला (टोक फुलवायला) कडक, चांगला कारागीर पाहिजे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हायड्रॉलिक होज-फिटिंगची दुकानं आहेत, तिथे जुना पाइप अख्खा काढून नमुना म्हणून नेला तर ते वळणासकट बनवून देतात, माझं मत विचाराल तर हाच रस्ता सगळ्यात कमी कटकटीचा. काळी नायलॉन ट्यूब पण चालते, नव्या गाड्यांत कंपनीच वापरते, फक्त डिझेलसाठीचीच घ्यायची आणि सायलेन्सरपासून लांब न्यायची. एसीवाल्याकडचा तांब्याचा पाइप मात्र नको, मिळतो सहज, वळतो सहज, पण कंपनाने कडक होऊन तडकतो आणि तांब्याच्या संपर्कात डिझेल लवकर खराब होऊन चिकटा धरतो. आतून जस्त असलेला पाण्याचा जीआय पाइप पण नको, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि नोझलपर्यंत जातं. कोटिंग बाहेरून हवं, आतून नाही.

आणि दोन्ही पाइप एकदम बदला, जायचा आणि रिटर्नचा. ते एकाच क्लिपमध्ये शेजारी शेजारी बसलेले असतात, एक गंजला तर दुसरा वाचत नाही. रिटर्नला भोक असेल तर तिथून मात्र बाहेर झिरपतं, आणि थेंब पडण्याआधी पाइपवरची धूळ तिथे काळी ओलसर होऊन चिकटून बसते, तो डाग शोधा.

कामाच्या आधी सुरक्षेचं, हे वगळून पुढे जाऊ नका. डिझेल पेटत नाही असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. आपल्या डिझेलच्या मानकात फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश एवढाच आहे, म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि बडोद्याचा मे महिना ४० च्या वर असतो. म्हणून गाडीवर पाइप असताना गॅस वेल्डिंग, ब्रेझिंग काही नाही, कारागीर कितीही म्हणाला की टाकी रिकामी आहे तरी नाही, रिकाम्या टाकीत वाफ जास्त असते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. वाळूची बादली जवळ. निघालेलं डिझेल झाकणाच्या कॅनमध्ये धरा, गटारात सोडू नका, आपली गटारं शेवटी विश्वामित्रीला जातात आणि तिच्यात मगरी आहेत, कासवं आहेत, त्यांनी काय वाईट केलंय आपलं.

पंपापासून नोझलपर्यंतचे जे जाड स्टीलचे पाइप आहेत त्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे शेकडो बारचा दाब असतो, गळतोय का बघायला बोट लावायचं नाही, ती बारीक धार कातडी फोडून आत जाते आणि ते थेट ऑपरेशनवर जातं. तो पाइप गंजला तर दुरुस्ती नाही, नवाच. तुमची गाडी कॉमन रेल (एका सामाईक नळीत खूप दाबाने डिझेल साठवून फवारणारी नवी पद्धत) असेल तर इंजिनजवळचं काहीच सैल करू नका, खालचे टाकीकडचे पाइप तेवढे बघा, कारण तिथे दाब हजार बारच्या वर जातो.

बसवताना पाइप हॅक्सॉने कापू नका, ट्यूब कटर वापरा, कडा साफ करा, आतून स्वच्छ डिझेल ओतून हवेने उडवा. धातूचा एक कण पंपात गेला तरी नुकसान होतं, तिथली फट मायक्रॉनमध्ये असते. जिथे रबरी नळी येणार त्या टोकाला फ्लेअर टूलने गोल उंचवटा काढून घ्या, सपाट टोकावर नळी कितीही आवळली तरी सरकते आणि हवा घेते. नळी डिझेलचीच घ्या, लेव्हल पाइपची पारदर्शक नळी कायमची ठेवू नका, इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन चिरते. क्लॅम्प गोल कडांचे, ते खाचावाले पट्टीचे क्लॅम्प मऊ नळीला कापतात.

टाकीच्या वर जी छोटी रबरी नळी असते ती बदलल्याशिवाय टाकी परत चढवू नका. टाकी उतरवल्याशिवाय ती दिसतच नाही, आणि बऱ्याच गाड्यांत पाइप नवा घालूनही एअर राहते ती या चिरलेल्या नळीमुळे. टाकी खाली आलीच आहे तर फ्लोटसोबतची आतली सक्शन नळी पण बाहेर काढून बघा. ती वरच्या बाजूला गंजून भोक पडलेलं असेल तर डिझेलची पातळी भोकाच्या खाली गेल्यावरच गाडी अडते, म्हणजे "अर्ध्या टाकीपर्यंत मस्त, मग त्रास" ही तक्रार नेमकी तिथली. तळाला पाणी आणि गाळ असेल तर टाकी धुऊन घ्या.

क्लिपा नव्या घाला, साधारण फूट-सव्वा फुटावर एक, आणि धातूची क्लिप असेल तर मधे रबर. जुनं जळकं ऑइल खालून फासायची आपल्याकडे सवय आहे, त्यावर धूळ चिकटते आणि रबर सुजतं, ते टाळा. गंजावरून थेट डांबरी कोटिंग मारलं तर ओल आत अडकते. गंज घासून झिंक प्रायमर, आणि क्लिपच्या जागी वॅक्सवाला अंडरबॉडी स्प्रे, एवढं पुरतं. पावसाळा संपला की नवरात्रीच्या आसपास गाडी वर घेऊन क्लिपांमधून पाण्याची जोरदार धार मारून घ्या, आणि पुरात गाडी बुडाली असेल तर त्याच आठवड्यात, गाळ वाळायच्या आत.

एअर काढताना आधी हॅन्ड पंपाने लाइन भरा, ब्लीड स्क्रूतून (हवा काढायच्या स्क्रूतून) बुडबुडे थांबेपर्यंत. मग सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे थांबा, नाहीतर सेल्फ जळेल. तरी घेत नसेल तर फडकं गुंडाळून नोझलकडचे नट किंचित सैल करा, सेल्फ मारा, डिझेल यायला लागलं की आवळा, हात धारेपासून लांब.

चाचणी घेताना टाकी मुद्दाम पावापर्यंत येऊ द्या, कारण दोष तिथेच दिसतो. आम्ही पावागडला माचीपर्यंतच्या चढावर नेली, चढाला लोड येतो आणि एअर घेत असेल तर तिथे हमखास दम सोडते. वर पोचून बॉनेट उघडून चाचणीची पारदर्शक नळी बघितली, डिझेल स्वच्छ, बुडबुडा नाही. रात्री तोंड चढाकडे करून लावली, सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू. मग ती नळी काढून डिझेलची काळी नळी घातली आणि आठवड्याने सगळे क्लॅम्प एकदा परत आवळले, नवी नळी थोडी बसते.

एवढं सगळं करून, नवा पाइप, नवी नळी, कॅन टेस्ट पण करून, तरीही बुडबुडे दिसत असतील तर पंपाच्या ॲक्सिलरेटर शाफ्टचं सील किंवा पुढचं सील बघायला लागेल. जुन्या पंपांत ती सीलं कडक होतात आणि तिथून हवा जाते, पंपाचा वरचा भाग बाहेरून ओलसर दिसला तर संशय पक्का. ते काम घरी नाही करायचं, पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या आणि देताना सांगा की लाइन नवी आहे, फक्त सील किट घालायचंय, म्हणजे तो अख्खा पंप खोलायच्या मागे लागणार नाही.